काळ्या चौकटीत शिडी

त्याला सगळे शिडी म्हणत. उंचच तसा होता. बॅनर बांधायला बाकीच्यांना स्टूल लागे, टेबल लागे, नाहीतर कुणाचा तरी खांदा लागे. हा नुसते हात वर करायचा आणि दोरी खांबाला बांधून मोकळा. त्याची आई इस्त्रीचं दुकान चालवायची. ती म्हणायची, "साऱ्या पेठेचे कपडे मी सरळ केले, पण याच्या पँटी पुऱ्या पडतील असं कापड काही मला सापडलं नाही."

शिडीला पक्षात आणलं ते त्याच्या मावसबहिणीने. ही पोरगी लहानपणापासून सगळ्यांना कामाला लावणारी, म्हणून घरात तिचं नाव मुकादमीण पडलं ते पडलंच. ती काकांच्या फ्लेक्सच्या छापखान्यात कॉम्प्युटरवर बसून बॅनर तयार करायची. काका तिचे सख्खे कोणी नव्हते, सगळा बाजार त्यांना काका म्हणे. पक्षाच्या युवा आघाडीचे बॅनर तिथेच छापले जात. छापता छापता मुकादमीण आघाडीची चिटणीस कधी झाली, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. पहिल्या बैठकीत तिला कुणीतरी विचारलं होतं, "ताई, तुमचं काय मत?" तोवर तिचं मत कुणी विचारलंच नव्हतं. त्या एका प्रश्नावर ती पक्षाची झाली.

मावशीला, म्हणजे शिडीच्या आईला, हे पसंत नव्हतं.

"त्याला कुठे नेतेस गं? तो साधा आहे. कुणी म्हणालं वर चढ, तर चढेल. उतर म्हणायला कुणी राहणार नाही."

"मावशी, मी आहे ना."

"तू आहेस म्हणूनच जास्त काळजी," मावशी इस्त्री आपटत म्हणाली. पण हसली. आणि त्या 'मी आहे ना'वर तिने पोरगा सोडला.

पेठेतला संध्याकाळचा सरकारी दवाखाना बंद होणार, अशी बातमी आली आणि आघाडीने मोर्चा काढला. घोषणा मुकादमिणीने लिहिल्या. दुसऱ्या पक्षाची पोरंही दवाखान्यापाशी आधीच जमली होती. दवाखाना आमच्यामुळेच वाचणार, असं दोघांचंही म्हणणं. बाचाबाची झाली, ढकलाढकली झाली आणि कुठून तरी दगड आला. कुणाच्या हातचा, ते कुणालाच कळलं नाही. गर्दीत सगळ्यांत वर ज्याचं डोकं होतं, त्याला तो लागला.

चिकट्याने शिडीला उचलून रिक्षात घातलं. चिकट्या म्हणजे भिंतीवर पोस्टरं चिकटवणारा, शिडीचा जिवलग. दोघांचं जेवण एका डब्यात. त्याच्या सदऱ्याची पुढची बाजू सगळी लाल झाली होती आणि तो रिक्षावाल्याला शिव्या देत रडत होता.

मोठ्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्त साकळलंय, टाके घातलेत, आता तो शुद्धीवर यायची वाट बघायची. मावशी रात्रभर बाकावर बसून होती. सकाळी मुकादमिणीने तिला जबरदस्तीने घरी पाठवलं. "अंघोळ कर, दोन घास खा, संध्याकाळी भेटायच्या वेळेला ये." मावशी उठली. भाचीकडे तिने बघितलंही नाही.

दुपारी मुकादमीण छापखान्यात आली. कामात जीव रमेल म्हणून आली. तेवढ्यात अध्यक्ष आले. अध्यक्ष म्हणजे युवा आघाडीचे. त्यांची मुलगी कॉलेजात जायला लागली होती, पण ते अजून युवाच होते.

"काय मुकादम, कसा आहे आपला वाघ?"

"अजून शुद्ध नाही."

"अरेरे." त्यांनी खुर्ची ओढली. थोडा वेळ छतावरच्या पंख्याकडे बघितलं. मग म्हणाले, "एक बॅनर करून ठेव. मोठा. चौकातल्या कमानीच्या मापाचा. शिडीचा फोटो तुझ्याकडे असेलच."

"काय लिहायचं? लवकर बरा हो?"

"तो वेगळा करू नंतर." अध्यक्षांनी आवाज खाली आणला. "हा श्रद्धांजलीचा."

मुकादमिणीला वाटलं, मशीनच्या खडखडाटात आपण काहीतरी भलतंच ऐकलं.

"अहो अध्यक्ष, तो जिवंत आहे."

"माहीत आहे गं. देवाच्या दयेने राहीलच. पण तयारी नको का? पक्षाचे मोठे साहेब आज संध्याकाळी चौकात येतायत. काही बरंवाईट झालं तर ऐनवेळी धावपळ कोण करणार? नाही लागला तर नाही लावायचा. फुकट गेला तर खर्च माझा."

आणि खरं सांगायचं तर धंद्यात ही रीत होतीच. निकालाच्या आधी दोन्ही उमेदवारांच्या विजयाचे बॅनर छापून तयार असत. एखादा जुना पुढारी इस्पितळात गेला, की त्याची काळी चौकट लगेच कॉम्प्युटरवर उघडली जाई. मुकादमिणीने स्वतः असे किती म्हातारे मारून ठेवले होते! एकजण तर बरा होऊन छापखान्यात वाढदिवसाचा बॅनर टाकायला आला होता, तेव्हा ती आणि काका आतल्या खोलीत जाऊन पोट धरून हसले होते. अशा आगाऊ बॅनरसाठी मांडणीत वरचा कप्पा तिनेच ठरवला होता. खालच्या कप्प्यातला बॅनर लावायचा, वरच्यातला सांगितल्याशिवाय हलवायचा नाही. पोरांना हे माहीत होतं. निदान शिडीला तरी होतं.

सवयीने तिचा हात चालू लागला. काळी चौकट आली. कोपऱ्यात जळती मेणबत्ती आली. तिने शिडीचे फोटो उघडले. एकूण एक फोटोत तो दात काढून हसत होता. एकात तर चिकट्याच्या डोक्यावर कोपर टेकवून उभा.

"हसरा नको," अध्यक्ष मागून म्हणाले. "जरा गंभीर बघ. आणि डोळ्यांत थोडं तेज आण. ते जमतं ना तुला?"

तिने एक फोटो घेतला, जवळ आणला आणि त्याचे ओठ मिटवायला लागली. एकेक दात पुसत होती. पुसता पुसता तिला दिसलं, की समोर शिडी नाही, एक मेलेला मुलगा आहे, आणि तो आपल्याच हाताने होतोय. तिचा हात माऊसवरून असा निघाला जसं काही चटका बसला.

"माझ्याच्याने नाही होणार."

"अगं, नुसतं छापायचंय..."

"नाही म्हणजे नाही!" ती ओढणी उचलून उठली. काका मशीनपाशी शाईचा डबा बदलत होते. ते म्हणाले, "जा तू, बाळ. तू तुझ्या भावाकडे जा." ती निघाली. कॉम्प्युटर तसाच उघडा राहिला. फाईल पुसून टाकायला हवी होती, ते तिला सुचलं नाही.

इस्पितळात ती काचेबाहेर उभी राहिली. आत नर्स शिडीच्या उशाशी वाकली होती. मग नर्सने वळून तिला हाताने बोलावलं.  ती आत गेली, तर शिडीचे डोळे उघडे!

"ताई," तो म्हणाला. आवाज घोगरा, पण शिडीचाच. "या पलंगावरून माझे पाय बाहेर येतायत. दुसरा बघ ना एखादा."

ती हसली की रडली, तिलाच कळलं नाही. नर्स म्हणाली, "आता त्याला फार बोलायला लावू नका. डॉक्टर बघून गेलेत. धोका टळला." तिला वाटलं, धावत जाऊन मावशीला सांगावं. पण मावशीच्या घरात फोन एकच होता, शिडीचा, आणि तो मोर्चात फुटला होता. मग बाहेर येऊन तिने पहिला फोन अध्यक्षांना केला. का? तर तिला खरोखर वाटलं, की त्यांनाही आनंद होईल.

"अध्यक्ष, शुद्धीवर आला! बोलला माझ्याशी!"

पलीकडे माणसांचा गलका होता. त्या गलक्यात अध्यक्ष गप्प. तिला वाटलं फोन कटला.

"हॅलो? ऐकू आलं का? शिडी शुद्धीवर आला."

"पक्कं का?" अध्यक्ष म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे, डॉक्टर काय म्हणतात? परत काही होऊ शकतं ना? डोक्याची केस आहे."

  अध्यक्ष बोलतच होते. "हे बघ, इथे थोडी गफलत झालीय. पोरं आली, बॅनर खालच्या कप्प्यात होता, घेऊन गेली. लागलाय तो. मी लावायला सांगितला नव्हता, शपथ. पण आता चौकात एवढी माणसं जमलीत, मेणबत्त्या आणल्यात लोकांनी. साहेब गाडीत बसलेत. तू फक्त एवढं कर, भाषण होईपर्यंत कुणाला काही बोलू नकोस. आणि इस्पितळात त्याला कुणाला भेटू देऊ नकोस. दोन तासांचा प्रश्न आहे."

तिने फोन कापला. पाय आपोआप जिन्याकडे वळले. जिना उतरताना तिच्या डोक्यात एवढंच होतं: भेटायची वेळ झाली. मावशी घरातून निघाली असेल. आणि मावशीची वाट चौकातूनच येते.

तिने अर्धवट सोडलेला बॅनर काकांनी पुरा करून, छापून, कडा दुमडून, रिंगा ठोकून, वाळायला खालच्या कप्प्यात टाकला होता. त्यांना तो कप्पा मशीनजवळ पडायचा. वरचा-खालचा नियम पोरीचा, त्यांना त्याचं काय! आणि पोरं नेहमीसारखी आली. बॅनर उलगडून बघून, विचारून नेणारा एकच होता, आणि तो पलंगाबाहेर पाय काढून पडला होता.

चौकाच्या तोंडाशीच तिला तो बॅनर दिसला. कमानीएवढा. काळी चौकट, मिटलेले ओठ आणि डोळ्यांत तेज. काकांनी काम चोख केलं होतं. खाली लिहिलं होतं: "तुझं बलिदान वाया जाऊ देणार नाही." हे वाक्य तिचंच होतं. मागे कुणासाठी तरी लिहिलेलं, तेच उचललं होतं. 

कमानीच्या पायाशी चिकट्या उभा होता. रडून डोळे सुजलेले. ती धावत त्याच्यापाशी गेली, त्याचे दोन्ही दंड धरले.

"चिकट्या, जिवंत आहे तो! आत्ता बोलला माझ्याशी. पलंग आखूड पडतो म्हणाला!"

चिकट्याचं तोंड उघडंच राहिलं. मग तो मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांत तोंड झाकून हमसून हमसून रडला. "आईशप्पथ? ताई, आईशप्पथ?" त्याने तिचे हात हातात घेतले, कपाळाला लावले. तिला वाटलं, चला, एक तरी माणूस आहे.

"ऊठ. आधी हे काढ. मावशी येतेय."

चिकट्या उठला. दोरीला हात घातला. आणि तिथेच थांबला.

"अध्यक्षांना सांगितलं का?"

"सांगितलं. तू काढ."

"काय म्हणाले ते?"

"चिकट्या, तुझा मित्र आहे तो!"

"आहेच ना, ताई. तो वाचला, याच्याइतकं मोठं काय आहे?" त्याने दोरी सोडली, नाक पुसलं. "पण साहेब येतायत गं. एवढी माणसं आलीत. आता काढलं तर आपलं हसं होईल. विरोधक म्हणतील, नाटक केलं. साहेब येऊन जाऊ देत, मग मी स्वतः काढतो. शिडी जिवंत आहे ना, मग त्याचं काय बिघडतंय?"

हे त्याने इतक्या साधेपणाने म्हटलं, की क्षणभर तिला वाटलं आपलंच काही चुकतंय. मग ती स्वतः दोरीवर तुटून पडली. गाठ उंचावर होती. तिचा हात पोचेना. ती उड्या मारू लागली. आघाडीची पोरं जवळ आली. तिने ज्यांना घोषणा शिकवल्या, ज्यांच्यासाठी घरून डबे आणले, ती पोरं. त्यांनी तिला काही केलं नाही. धक्कासुद्धा मारला नाही. ती फक्त तिच्या आणि दोरीच्या मध्ये उभी राहिली. "ताई, प्लीज. ताई, तमाशा नको. लोक बघतायत."

आणि त्यांच्या खांद्यांच्या फटीतून तिला मावशी दिसली.

मावशीच्या हातात इस्त्री केलेल्या कपड्यांची पिशवी होती. पोराला घरी आणताना घालायला म्हणून आणलेली. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून वर बघत होती. ओरडली नाही. पिशवी तिने हळूच खाली ठेवली, जशी दुकानात गिऱ्हाइकाची गठडी ठेवायची तशी, आणि तिच्याशेजारी बसली.

"मावशी! मावशी, खोटं आहे ते! तो बरा आहे. आत्ता बोलून आले मी."

मावशीने तिच्याकडे बघितलं. ओळख नसल्यासारखं.

"छापलंय ना," ती म्हणाली. "फोटो आहे ना त्याचा."

"चुकून लागलाय, मावशी."

"एवढं मोठं कोण चुकून लावतं? माझी समजूत घालतेस होय? तेव्हा म्हणालीस मी आहे ना. आज म्हणतेस खोटं आहे."

"त्यात फोटो मी टाकला, मावशी," मुकादमीण म्हणाली. "मी बसले होते कॉम्प्युटरवर. अर्धा मी केलाय तो. म्हणून सांगते, खोटा आहे."

मावशीचा हात वर आला. तिला वाटलं, आता कानाखाली बसणार, आणि बसली असती तर तिला बरंच वाटलं असतं. पण मावशीने तो हात तिच्या खांद्यावर टेकून स्वतःला उठवलं. "चल. दाखव," एवढंच म्हणाली.

दोघी रिक्षाने इस्पितळात आल्या. मावशी वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत शिरली, ती थेट पलंगाच्या पायथ्याशी. बाहेर आलेले ते दोन लांब पाय तिने दोन्ही हातांनी धरले, अंगठे दाबून बघितले.

"गरम आहेत," ती स्वतःशीच म्हणाली. तेव्हा कुठे तिला हुंदका फुटला.

"आई, रडतेस काय? टाके तर पडलेत नुसते." शिडी हसायला गेला आणि कळ आली म्हणून थांबला. मग बहिणीला म्हणाला, "ताई, अध्यक्षांना कळवलंस ना? काळजीत असतील बिचारे."

"कळवलं."

"मग? काय म्हणाले?"

मावशीनेही मान वर केली. मुकादमिणीच्या जिभेवर एक गोड खोटं आलं होतं. असली खोटी वाक्यं तिला पटापट सुचत. आज तिने ते गिळलं.

"म्हणाले, पक्कं का."

शिडी पुढचं ऐकायला थांबला. "आणि?"

"आणि काही नाही."

"गंमत करतेस."

तिने मान हलवली. मग तिने सगळं सांगितलं, स्वतःच्या हाताने पुसलेल्या दातांपासून. तो डोळे मोठे करून ऐकत राहिला. सांगता सांगता ती कमानीखालच्या दोरीपाशी आली, तेव्हा त्याने सुई टोचलेला हात किंचित उचलला.

"चिकट्यासुद्धा?"

"हो."

"त्याने माझ्यासाठी रिक्षावाल्याला शिव्या घातल्या. मला अर्धवट ऐकू येत होतं," शिडी म्हणाला. "चिकट्या नाही गं. तुझी काहीतरी चूक होतेय."

तेवढ्यात खालच्या रस्त्यावरून आवाज आला. चौकातली सभा संपून तिचा मोर्चा झाला होता आणि तो इस्पितळावरून निघाला होता. ढगाळ संध्याकाळ होती. उघड्या खिडकीतून घोषणा स्पष्ट येत होती. आधी त्याचं नाव. शिडीच्या चेहऱ्यावर अजाणता थोडं हसू आलं. आपलं नाव इतक्या माणसांच्या तोंडी कुणाला आवडत नाही! मग घोषणेचा दुसरा भाग आला.

"अमर रहे! अमर रहे!"

हसू त्याच्या तोंडावर तसंच राहिलं, पुसायचं विसरल्यासारखं.

मावशी खिडकीपाशी गेली. गजांना धरून, उभ्या जन्मात ओरडली नव्हती तशी ओरडली. "अरे मेल्यांनो, जिवंत आहे माझा पोरगा! इथे आहे! वर बघा!"

खालची माणसं थांबली. मेणबत्त्यांमागचे चेहरे वर वळले. मुकादमीण मावशीच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तीही ओरडू लागली, "जिवंत आहे! खरंच जिवंत आहे!" पुढच्या रांगेत, कमानीवरून उतरवून बांबूंना बांधलेल्या बॅनरचा एक बांबू धरून चिकट्या चालत होता. त्याने वर बघितलं. तिच्याशी त्याची नजरानजर झाली. मग त्याने मान खाली घातली.

 एका म्हाताऱ्याने टोपी काढली. कुणी हात जोडले. एक बाई तोंडाला पदर लावून रडायला लागली. "आई आहे त्याची," कुणीतरी म्हणालं. "भ्रमिष्ट झालीय बिचारी." आणि साहेबांच्या शेजारी चालणाऱ्या फोटोवाल्याने कॅमेरा वर करून खिडकीतल्या त्या दोघींचा फोटो घेतला.